लोकेशन पाठव ना

लाँग वीकेंड जवळ आला की प्रत्येक ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. ‘कुठेही चालेल, पण गर्दी नको.’ त्यावर सात-आठ अंगठे उमटतात. मग कुणीतरी एक रील टाकतं. धुक्यातला कडा, कड्यावर पाठमोरी उभी असलेली एकटी मुलगी, आणि खाली मजकूर : पुण्यापासून फक्त दोन तासांवरचं हे ठिकाण अजून कुणालाच माहीत नाही. रीलचे व्ह्यूज लाखांत असतात.

यावर हसून झालं तरी प्रश्न उरतोच. जायचं कुठे? आणि त्याच्या पोटात दुसरा, जरा अडचणीचा प्रश्न : जी जागा अजून शांत आहे तिथे जायचा आपल्याला हक्क आहे का? असेल, तर मागून येणाऱ्यांना तो का नाही? आधीच सांगून टाकलेलं बरं, की या लेखात एकही नवं ठिकाण सापडणार नाही. जी नावं येतील ती सगळी तुमच्या फीडमध्ये केव्हाच येऊन गेलेली आहेत.

‘गर्दी’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. गर्दी होते, वाढते, उसळते, ओसरते. आपण तिच्यात सापडतो, अडकतो, चेंगरतो. ‘गर्दी करू नका’ असं पोलीस म्हणतात, रेशन दुकानदार म्हणतो. पण ‘काल आम्ही लोहगडावर गर्दी केली’ असं सोमवारी ऑफिसात कुणी सांगितलेलं ऐकलंय? २०२३च्या जुलैमधल्या एका रविवारी लोहगडावर इतकी माणसं चढली की वाटेत ना वर सरकता येईना ना खाली. माणसं कित्येक तास पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून उभी होती. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. त्यातला प्रत्येक जण घरी पोचल्यावर ‘केवढी गर्दी होती’ असंच म्हणाला असणार, आणि त्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. गर्दी म्हणजे कायम उरलेले लोक.

याच्या शेजारी दुसरा एक शब्द ठेवून बघा. ‘तिथला क्राउड चांगला असतो.’ डिक्शनरीत दोन्हींचा अर्थ एकच, पण आपल्या बोलण्यात क्राउड चांगला असू शकतो, गर्दी कधीच नाही. आणि जिथे जायचं नाही तिथल्या माणसांसाठी तिसरा शब्द आहे : ‘पब्लिक’. ‘नको रे तिथे, पब्लिक फार बेकार असतं.’ म्हणजे माणसांच्या संख्येचा त्रास होतो हे अर्धंच खरं. कुठली माणसं आहेत, हा हिशोब आपण न बोलता करत असतो. स्पीकर लावून नाचणाऱ्या घोळक्याचा राग येणं समजण्यासारखं आहे, तो घोळका खरोखर सगळ्यांचा दिवस खराब करतो. पण गडाच्या टोकावर पोचल्यावर तिथे आधीच बसलेले, गुपचूप डबा खाणारे दहा जण दिसले तरी मनात बारीकशी नाराजी उमटते. ती आवाजाबद्दल नसते. आपण पहिले नाही, याची असते. आणि त्या दहांच्या गळ्यात महागाच्या दुर्बिणी असतील, ते पक्षी बघायला आलेले असतील, तर नाराजी आणखी थोडी कमी होते. हे स्वतःशी कबूल करायला जड जातं, पण तसं होतं खरं.

ही नाराजी जुनी आहे. शाळेत डॅफोडिल्सच्या कवितेमुळे आपल्याला भेटलेला वर्ड्‌स्वर्थ इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये राहायचा. डोंगर, तळी, मेंढ्या, पाऊस. त्या प्रदेशावर त्याने एक मार्गदर्शक पुस्तकही लिहिलं. १८१० साली तो मजकूर पहिल्यांदा निनावी छापून आला, पुढे पुस्तक झालं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आणि ते हातात घेऊन लोक तिथे येऊ लागले. या पुस्तकात त्याने एक फार पुढचा विचार मांडला होता, की हा सगळा प्रदेश एका अर्थाने राष्ट्राची सामाईक मालमत्ता मानायला हवा. पुढच्या काळात राष्ट्रीय उद्यानांची कल्पना रुजली त्यामागे हा विचार असल्याचं मानलं जातं.

मग १८४४ साली तिथल्या विंडरमिअरपर्यंत रेल्वे नेण्याची योजना आली. रेल्वे आली असती तर लँकेशरच्या गिरण्यांमधले कामगार सुट्टीच्या दिवशी स्वस्तात तळ्याकाठी येऊ शकले असते. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, नुकताच राजकवी झालेल्या वर्ड्‌स्वर्थने या रेल्वेला कडाडून विरोध केला. सुनीत लिहिलं, वर्तमानपत्रात लांबलचक पत्रं लिहिली. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा, की निसर्गसौंदर्याची गोडी उपजत नसते, ती हळूहळू, संस्कारांनी लागते. गाड्या भरभरून आणलेल्या माणसांना तळं दाखवल्याने त्यांचं काही भलं होणार नाही, तळ्याचं मात्र वाटोळं होईल. रेल्वे १८४७ साली सुरू झालीच.

या गोष्टीत वर्ड्‌स्वर्थला ढोंगी ठरवून पुढे जाणं सोपं आहे. तळी सगळ्यांची, फक्त सगळ्यांनी यायचं नाही. पण त्याची भीती पोकळ नव्हती. रेल्वेने जागा बदलतातच. तो चुकला तो मोजदादीत. गिरणी कामगार आल्याने काय बिघडेल हे त्याने मोजलं. त्याच्या पुस्तकामुळे घोडागाडीतून येणाऱ्या सुखवस्तू कुटुंबांनी काय बिघडवलं, आणि तो स्वतः तिथे घर करून राहतो याचं काय, हे त्या हिशोबात त्याच तराजूने आलं नाही.

आपल्याकडचं लोणावळं म्हणजे तेच रेल्वे स्टेशन आहे. पुण्याहून लोकल जाते, तिकीट परवडतं, संध्याकाळी परत येता येतं. ज्याला आठवड्यातून एकच सुट्टी मिळते, ज्याच्या घरी गाडी नाही, ज्याच्या दोन खोल्यांत सहा माणसं राहतात, तो पावसाळ्यातल्या रविवारी भुशी धरणाच्या पायऱ्यांवर बसणार नाही तर कुठे बसणार? मंगळवारी रजा टाकून, स्वतःच्या गाडीने, घाटमाथ्यावरच्या एखाद्या होमस्टेमध्ये लॅपटॉप उघडून बसणाऱ्याला शांतता मिळते. ती त्याच्या रसिकतेमुळे मिळत नाही, वेळापत्रकामुळे मिळते. फ्रेड हर्श नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७६ साली ‘सोशल लिमिट्स टू ग्रोथ’ या पुस्तकात अशा गोष्टींचा विचार केला, ज्यांची किंमतच मुळी इतरांकडे त्या नसण्यात आहे. त्याचा दाखला साधा होता : पुढचं नीट दिसावं म्हणून सगळेच टाचा उंचावून उभे राहिले तर कुणालाच जास्त दिसत नाही. ऑफबीट ठिकाण हे असंच टाचा उंचावणं आहे. मागच्या रांगेला टाचा उंचावता आल्या, की पुढची रांग स्टूल शोधते.

इथपर्यंत बरेच जण मान्य करतील. पुढचं म्हणणं मात्र लोकांना पटत नाही, अनेकदा वाद घालून पाहिला आहे. ते असं, की गर्दीच्या ठिकाणी जाणाऱ्यापेक्षा शांत ठिकाणी जाणारा माणूस अनेकदा जास्त नुकसान करतो. माणशी मोजलं तर.

समजा, सह्याद्रीच्या कुशीत पंचवीस-तीस उंबऱ्यांची एक वाडी आहे. एप्रिल महिना. पावसाळ्यात इथे धो धो कोसळतं, पण डोंगरउतारावरून सगळं पाणी वाहून जातं आणि होळीनंतर विहीर तळ दाखवू लागते. सकाळ-संध्याकाळ बायका हंडे घेऊन उतरतात. अशा वाडीत दोन गाड्यांमधून आपण पंधरा जण पोचतो. वागायला आपण अगदी सज्जन आहोत. दारू नाही, स्पीकर नाही, कचरा पिशवीत. तरी पंधरा जणांच्या आंघोळी, संडास, भांडी, चहा. पाणी वरच्या टाकीत असतं म्हणून आपल्याला ते नळाचं वाटतं. टाकीत ते कुणी, कुठून आणि किती खेपा घालून भरलं हे विचारायचं आपल्याला सुचत नाही. पिशवीत भरलेला कचरा आपण ‘त्यांच्याकडे’ देऊन येतो. वाडीत घंटागाडी नसते, तो घरामागे जाळला जातो. तेच पंधरा जण लोणावळ्याला गेले असते तर तिथे नगरपरिषद आहे, नळयोजना आहे, हॉस्पिटल आहे, ट्रॅफिक पोलीस आहेत. लोणावळ्याला आणखी पंधरा माणसांनी फरक पडत नाही. वाडीला पडतो.

‘फरक पडत नाही’ हे वाक्यही जपून वापरायला हवं, हे खरं. डेरेक पार्फिट या तत्त्वज्ञाने १९८४च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’मध्ये एक भयानक कल्पना रंगवली आहे. हजार माणसं आहेत, प्रत्येकासमोर एक बटण. एक बटण दाबलं की समोरच्या बळींची वेदना वाढते, पण ती इतकी कमी असते की त्यांना ती जाणवतही नाही. हजार बटणं दाबली जातात आणि वेदना असह्य होते. आता कुणी म्हणेल, माझ्यामुळे काहीच झालं नाही. पार्फिटचं म्हणणं, हा युक्तिवाद चुकीचा आहे. आपण सगळे मिळून काय करतो आहोत हे पाहावंच लागतं.

काजवे बघायला जाणं हे जवळजवळ असंच आहे. मेच्या अखेरीपासून पाऊस लागेपर्यंत भंडारदऱ्याच्या बाजूला झाडंच्या झाडं लुकलुकतात. ते लुकलुकणं म्हणजे नर-मादीचं बोलणं. एकमेकांना शोधायला त्यांच्याकडे तेवढाच उजेड असतो. एका गाडीच्या हेडलाइटने काजवे संपत नाहीत. पण शनिवारी रात्री त्याच रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, प्रत्येक जण दोन मिनिटं टॉर्च लावतो, झाडाखाली जाऊन फोटो काढतो, आणि गवतात काय तुडवलं गेलं हे अंधारात कुणालाच दिसत नाही. तिथे पार्फिटच्या बटणांचा हिशोब लागू होतो. वाडीच्या विहिरीवर त्याची गरजच नाही. तिथे आपण एकट्यानेच दाबलेलं बटण कुणाच्या तरी डोक्यावरच्या हंड्यात दिसतं.

मग शांत जागा सापडली तर काय करायचं? कुणाला सांगायचंच नाही? बऱ्याच जुन्या ट्रेकर्सचा हा नियम असतो. फोटो टाकतात, नाव टाकत नाहीत. कॉमेंटमध्ये कुणी ‘लोकेशन पाठव ना’ म्हटलं की ‘सह्याद्री’ एवढंच उत्तर. यात जागेबद्दलची खरी काळजी असते. थायलंडमधल्या माया बे या किनाऱ्याचं काय झालं हे पाहिलं की ती पटते. अ‍ॅलेक्स गार्लंडची ‘द बीच’ ही १९९६ची कादंबरी मुळातच एका गुप्त किनाऱ्याची आणि त्याचा नकाशा दुसऱ्याच्या हाती देण्याची गोष्ट आहे. तिच्यावरचा सिनेमा माया बेमध्ये चित्रित झाला, २००० साली आला, आणि त्या चिमुकल्या खाडीत रोज हजारो माणसं बोटींनी उतरू लागली. प्रवाळ इतकं उद्ध्वस्त झालं की जून २०१८मध्ये सरकारने किनारा बंद केला. तो थेट जानेवारी २०२२मध्ये, माणसांच्या संख्येवर मर्यादा घालून उघडला. नकाशा लपवून ठेवायला हवा होता, असं सांगणाऱ्या गोष्टीनेच नकाशा वाटला.

पण गुप्ततेच्या नियमात एक गडबड आहे. जागा गुप्त ठेवायचा अधिकार आपला कसा? ‘हिडन जेम’ म्हणताना ती कुणापासून हिडन असते? पायथ्याच्या गावाला तर ती रोज दिसते. माथेरानबद्दल अजून लिहिलं जातं की ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने १८५० साली त्याचा ‘शोध’ लावला. त्या डोंगरात ठाकर, कातकरी, धनगर आधीपासून वावरत होते. त्यांनी शोध लावला नाही कारण त्यांचं काही हरवलं नव्हतं. रीलवाल्याचं ‘अनएक्स्प्लोअर्ड’ हा त्याच कलेक्टरी थाटाचा शब्द आहे. आणि जो नाव सांगत नाही तो तरी काय वेगळं करतो? तोही जागा आपली असल्यासारखाच वागतो, फक्त कुलूप लावून. गावातल्या एखाद्या पोराला पुण्या-मुंबईला वॉचमन म्हणून जाण्यापेक्षा घरच्या दोन खोल्यांवर चार पैसे मिळवायचे असतील, तर आपलं मौन त्याच्या पोटावर येतं.

दाम वाढवून गर्दी रोखायचाही एक मार्ग आहे. भूतान परदेशी पाहुण्यांकडून रात्रीमागे शंभर डॉलर घेतं, भारतीयांकडून बाराशे रुपये. भूतानला ते चालतंही असेल. पण आपल्या डोंगरांना तो न्याय लावला तर वर्ड्‌स्वर्थचीच इच्छा पूर्ण होते, फक्त संस्कारांऐवजी पैशाने.

वेळासचं उदाहरण इथे कामाला येतं. रत्नागिरी जिल्ह्यातलं समुद्रकाठचं हे छोटं गाव. पूर्वी इथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी खाण्यासाठी आणि विकण्यासाठी नेली जायची. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव सुरू झाला. बघायला येणारे गावातल्याच घरांमध्ये उतरतात, घरात शिजेल ते जेवतात, आणि पिल्लं समुद्राकडे निघतात तेव्हा दोरीच्या अलीकडे उभे राहतात. कुठे उभं राहायचं, कधी यायचं हे गाव सांगतं. गर्दी तिथेही होते. वीकेंडला तर फारच. पण दोरी आहे, आणि ती धरणाऱ्याला गावात लोक ओळखतात.

कासची गोष्ट इतकी सरळ नाही. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यात कास पठार होतं, आणि साताऱ्याच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागली. मग तिकीट आलं, ऑनलाइन बुकिंग आलं, दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा आली. आसपासच्या गावांच्या समित्या वनखात्याबरोबर हे सगळं बघू लागल्या. कुंपणही घातलं गेलं. फुलं वाचवायला कुंपण, यात चूक काय? पण पठारावर गावांची गुरं पिढ्यान्‌पिढ्या चरत आली होती. ती थांबली, गवत माजलं, आणि फुलं कमी होण्याचं हेही एक कारण असल्याचं बोललं जाऊ लागलं. काही वर्षांनी कुंपण काढलं गेलं. ज्या रानाला आपण माणसाचा हात न लागलेलं समजून बघायला गेलो होतो, त्याच्या घडणीत म्हशी होत्या आणि त्यांना राखणारी माणसं होती. हे गावाला आधी विचारलं असतं तर कळलं असतं.

‘कुठे जायचं’ याचं उत्तर या विचारण्यापासून सुरू करता येईल, असं आता वाटतं. नकाशावरची पिन सगळ्यांना सारखंच ‘या’ म्हणते. एप्रिलमध्येही, पंधरा जणांनाही, रात्री अकरालाही. तिला ‘नको’ म्हणता येत नाही. माणसाला येतं. आपल्याकडे सुट्टीत मामाच्या गावाला जायची पद्धत होती, तेव्हा कुणी ऑफबीट वगैरे शोधत नव्हतं. जाण्याआधी पत्र जायचं. घरात लग्न असेल, आजारपण असेल, विहीर आटली असेल तर ‘दिवाळीत या’ असा उलट निरोप यायचा, आणि त्यात कुणाला अपमान वाटत नसे. पाहुण्याला यजमान असतो, पर्यटकाला फक्त ठिकाण असतं.

म्हणून कुणी लोकेशन मागितलं तर पिनऐवजी गावातल्या माणसाचा नंबर द्यावा, त्याला विचारून. ‘यांना फोन करून जा’ एवढंच. आळशी माणूस इथेच गळतो. त्याला फक्त फोटो हवा असतो. ज्याला खरंच जायचंय तो फोन करतो. पलीकडचा माणूस सांगू शकतो, की या रविवारी आधीच दोन ग्रुप आहेत, पुढच्या बुधवारी या. किंवा वाट निसरडी झालीय, आत्ता नकोच. आणि असा नंबर नसेल, वेळ नसेल, एकच रविवार हाताशी असेल, तर खुशाल लोणावळ्याला जावं. लोकलने जावं, पुराच्या पाण्यापासून लांब राहावं, भजी खावीत, आणि परत आल्यावर आपणही गर्दी केली असं म्हणावं.

नंबर देण्यातही एक भानगड आहेच. ज्याचा नंबर आपल्याकडे असतो तो बहुतेक वेळा गावातला बरा चाललेला माणूस असतो. त्याचं घर पक्कं, त्याची जीप, कधी ग्रामपंचायतीत वजन. उद्या त्याने माळावर पन्नास तंबू ठोकले, रंगीत दिवे लावले, तर ‘गावाने ठरवलं’ असं म्हणायचं का? वाडीत हंडे वाहणारीला त्याने विचारलेलं नसतं आणि आपणही नाही. गाव म्हणजे एक तोंड नसतं. फोनवर दादा ‘या की, पंधरा काय, वीस या’ म्हणत असतात, तेव्हा मागे भांड्यांचा आवाज येत असतो. ‘जरा वहिनींना फोन देता का?’ असं म्हणून पाहावं. एप्रिल असेल तर त्या बहुधा आधी विचारतील, किती दिवस राहणार, आणि आंघोळी इथेच करणार का.